उलटी जीप

परवा एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारी पालीकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. कुठल्या, कोणाच्या, अशी चौकशी झाल्यावर त्यांनी मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "म्हणजे ती उलटणारी गाडी होती ते तुम्हीच ना?"

पस्तीस-चाळीस वर्षं झाली. बाबा गेले, मामा गेले, ती गाडीही गेली. खरं काय घडलं ते आमच्या गावाला पुढे कळलंही होतं. पण बदनामी लांबवर पोचते आणि खुलासा गावातच राहतो, तसं झालं असावं. त्या बाईंना मी पानावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, लिहूनच ठेवावं.

माझे बाबा बोटीवर होते. बोटीवर म्हणजे इंजिनरूममध्ये. आयुष्याची सव्वीस वर्षं त्यांनी तेलाच्या वासात आणि यंत्राच्या घरघरीत काढली. ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालाच्या सुमाराला गुडघे धरले म्हणून ते कायमचे घरी आले. आमचं घर रत्नागिरीजवळच्या पालीपासून आत आठ-नऊ किलोमीटरवर. घरामागे घाटी चढून गेलं की सडा, म्हणजे नुसता काळा कातळ, आणि त्या कातळाच्या पलीकडे आमची आंब्याची कलमं. बाबांनी आता कलमांकडे बघावं, दुपारी झोपावं, असं आईला वाटत होतं. बाबा आठ दिवस झोपले. नवव्या दिवशी ते मला म्हणाले, "इथे रात्री फार शांत असतं गो. काहीतरी बंद पडलंय असंच वाटत राहतं."

कलमांना पाणी द्यायला पंप हवा होता. तो आणायला ते कोल्हापूरला गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी गावाच्या वळणावर कधी न ऐकलेला आवाज आला. बाबा जीप घेऊन आंबा घाट उतरून आले होते. आई अंगणात उभी राहिली. तिनं गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि विचारलं, "पंप कुठाय?"

"पुढच्या महिन्यात आणू," बाबा म्हणाले.

"आणि हे काय आणलंत?"

"लष्कराच्या लिलावातली आहे. इंजिन ऐक एकदा."

आईनं इंजिन ऐकलं नाही. ती आत गेली आणि त्या रात्री आम्हाला नुसती पेज मिळाली.

गाडीचे दोष मी लपवणार नाही. ती आखूड होती. तिला दारं नव्हती, वर कॅनव्हासचं छप्पर होतं आणि ते पावसात बाहेरच्यापेक्षा आत जास्त गळे. ती पेट्रोलवर चालायची, आणि तोवर आसपासच्या लोकांनी लांबलचक डिझेलच्या जीपा घेतल्या होत्या. त्यामुळे आमची गाडी दिसली की कोणीतरी म्हणायचंच, "आली टाकी पिणारी." इंजिनची धग थेट गुडघ्यांवर येई. सकाळी ती हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचं स्टीअरिंग डाव्या बाजूला होतं. परदेशी बनावटीचं जुनं मॉडेल. तिकडे रस्त्याची बाजूच वेगळी. पण आमच्या गावाला ते काय ठाऊक? पहिल्याच आठवड्यात तिचं नाव पडलं 'उलटी'. स्टीअरिंग उलट्या बाजूला म्हणून उलटी. त्यात तेव्हा वाईट काही नव्हतं. बाबासुद्धा हसायचे.

डाव्या स्टीअरिंगमुळे मला मात्र काम मिळालं. चालवणारा डावीकडे बसल्यावर पुढच्या एस.टी.ला मागे टाकायचं तर समोरचा रस्ता त्याला दिसत नाही. तो दिसतो उजवीकडे बसलेल्याला. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होते, सुट्टीत घरी असायचे. उजवी सीट माझी झाली. मी मान बाहेर काढायची आणि सांगायची, "मोकळं आहे बाबा." की बाबा गाडी काढायचे. "थांबा" म्हटलं की थांबायचे. एकदाही त्यांनी माझ्या शब्दावर शंका घेतली नाही. सव्वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस एकोणीस वर्षांच्या पोरीच्या शब्दावर गाडी पुढे घालतो, याचं मला फार अप्रूप वाटे. गाडीवर माझा जीव जडला तो तिथूनच.

आणि ती चढायची! तिला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावत. घरामागच्या घाटीवर बैलगाडीसुद्धा जात नसे. आंब्याच्या पेट्या गडी डोक्यावरून उतरवायचे. तिथे ती पहिल्या गिअरमध्ये, घाई न करता, एकेक दगड चाचपत वर जायची. वर कातळावर तर तिला रस्त्याची गरजच नव्हती. बाबा म्हणायचे, "बोटीला रस्ता लागतो का? तशीच ही." पहिल्या दोन मोसमांत तिनं आमच्या आणि शेजारच्या सगळ्या कलमांचा आंबा खाली आणला. आई तरीही तिला 'ती बया' म्हणायची, पण बयेच्या मागच्या बाकड्यावर उशी शिवून घातली ती आईनंच.

आता मामांविषयी. आईचे थोरले भाऊ आमच्याच गावच्या शाळेत हेडमास्तर होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, बाबाही गुरुजीच म्हणत. अतिशय सरळ, काटकसरी माणूस. खडूचे तुकडे उरले तर ते ओले करून, वळून पुन्हा खडू करणारे. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी मुळाक्षरं शिकवली होती. त्यांना या गाडीचं वेड लागलं. संध्याकाळी शाळा सुटली की ते यायचे आणि बाबांच्या शेजारी बसून सड्यावर एक फेरी मारायचे. मग एक दिवस बाबांनी त्यांना सड्यावर स्टीअरिंग दिलं. मामा मोकळ्या कातळावर गोल गोल फिरवू लागले. पन्नाशी उलटलेले माझे मामा गाडी चालवताना लहान मुलासारखे तोंड उघडं ठेवायचे. लायसन्स वगैरे काही नव्हतं. कातळावर कोण विचारतो?

तिसऱ्या मोसमात, मे महिन्यातल्या एका सकाळी, आम्ही पेट्या घेऊन पालीला निघालो. मामांना पालीत काम होतं म्हणून तेही बरोबर. वाटेत पोस्टमन भेटले. ते मामांचे जुने विद्यार्थी, वयानं बाबांच्या जवळपासचे वाटत, पायानं किंचित अधू. त्यांना पुढची उजवी सीट देऊन मी मागे पेट्यांजवळ गेले. बाबाही उतरले आणि मागे आले, कारण एक पेटी सारखी सरकत होती. स्टीअरिंगवर मामा बसले. "रस्ता रिकामाच आहे," ते म्हणाले, "उतारापर्यंत नेतो." बाबांनी मान हलवली. ती मान त्यांनी हलवायला नको होती, एवढं खरं.

उतार आला तरी मामा थांबले नाहीत. थांबले नाहीत म्हणण्यापेक्षा त्यांनी एक गोष्ट केली, आणि ती मी मागून स्पष्ट पाहिली. त्यांनी गिअर काढून गाडी न्यूट्रल केली. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं! गाडी पेट्रोल पिते असं जो तो म्हणत होता, आणि मामांनी तेच मनावर घेतलं होतं. बाबा ओरडले, "गुरुजी, गिअर! गिअर घाला!" पण इंजिनची ओढ सुटलेली, मागे पेट्यांचं ओझं, आणि गाडी बघता बघता सुसाट झाली. खाली वळण होतं. वळणावर मामांनी घाबरून ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. कुठलीही गाडी असती तरी उलटली असती. आमची तर आखूड.

ती एकदम नाही उलटली. आधी एका बाजूची चाकं उचलली गेली, क्षणभर ती तशीच राहिली, आणि मग रस्त्याखालच्या मळ्यात म्हैस बसावी तशी कुशीवर पडली. मी पेट्यांतून सांडलेल्या पेंढ्यात पडले. आंबे घरंगळत पार बांधापर्यंत गेले. धुरळा बसला तेव्हा पहिला आवाज आला तो बाबांचा. त्यांनी मला नावानं हाक मारली, मग मामांना, मग पोस्टमनना. सगळ्यांनी ओ दिली. पोस्टमनचं मनगट मोडलं होतं, बाकी सगळ्यांचं खरचटण्यावर भागलं. बाबांनी वाकून इंजिन बंद केलं.

मामा मळ्यात बसले होते. चष्मा फुटला होता. ते म्हणत होते, "मी मारलं असतं सगळ्यांना. मी मारलं असतं." वरच्या वाडीतून माणसं धावत येताना दिसायला लागली. बाबा मामांच्या समोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, ऐका. तुम्ही मागे होतात. चालवत मी होतो."

"असं कसं..."

"लायसन्स माझ्याकडे आहे. तुमच्याकडे नाही, आणि माणूस जखमी झालाय. तुमची नोकरी जाईल. अडीच वर्षं राहिली आहेत ना?"

मग त्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमन मनगट छातीशी धरून उभे होते. ते म्हणाले, "मी काही पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते." आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून आंबे वेचायला लागले. माणसं जवळ आली, पोलीस पाटील आले, विचारपूस झाली, आणि मी बाबांना सांगताना ऐकलं: "स्टीअरिंग अडकलं. जुनं मॉडेल. गाडीनं दगा दिलान."

मला आठवतं, ते वाक्य बोलताना त्यांचा हात गाडीच्या चाकावर होता. हातानं ते चाक हळूहळू फिरवत होते.

दहा-बारा माणसांनी धरून गाडी उभी केली. बाबांनी हँडल मारलं. ती दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाली आणि पोस्टमनना घेऊन तीच पालीच्या दवाखान्यात गेली. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उलटी हे नाव आता दुसऱ्याच अर्थानं पक्कं झालं.

त्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. "तुम्ही स्टीअरिंग गेल्या महिन्यात उघडलंत, ग्रीस घातलंत, मी दिवा धरला होता. त्याला काही झालेलं नव्हतं."

"नव्हतं."

"मग तिच्यावर का ढकललंत?"

बाबांनी पायाला तेल चोळून घेतलं. मग म्हणाले, "तिला नोकरी नाही, पेन्शन नाही, लग्नाची मुलगी नाही. तिचं नाव गेलं तर कोणाचं काय बिघडतं?"

बिघडलं ते बाबांचंच. हे त्यांनाही आधी कळलं नसावं. गावात जो तो म्हणू लागला, एवढा बोटीवरचा इंजिनवाला, आणि घरच्या गाडीचं स्टीअरिंग सांभाळता येईना! पंप नादुरुस्त झाला की लोक बाबांकडे यायचे, ते यायचे बंद झाले. शेजारचे आंबे पुन्हा गड्यांच्या डोक्यावरून उतरू लागले. रस्त्यानं आम्ही जायला लागलो की बायका पोरांना हात धरून बाजूला घेत. आईला खरं माहीत होतं, आणि चालवणारा तिचा भाऊ होता. पण कोणी घरी येऊन गाडीला नावं ठेवली की ती उठून आत जायची, आणि आत भांड्यांचा आवाज जरा जास्त व्हायचा.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पालीत एक लाकडाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे अगदी असलीच गाडी होती, हेच मॉडेल, हेच डावं स्टीअरिंग. अपघातानंतर महिन्याभरानं ते ती घेऊन आमच्या अंगणात आले. म्हणाले, "तुमच्या गाडीचं ऐकल्यापासून घरातलं कोणी हिच्यात बसत नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक येत नाही. म्हणतात, या मॉडेलचं स्टीअरिंग अडकतं. जरा बघता का?"

बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि गाडीखाली शिरले. स्टीअरिंगची पेटी उघडली, पुसली, तपासली, नवीन ग्रीस भरलं. दोन तास लागले. मी हत्यारं देत होते. शेवटी बाहेर येऊन ते म्हणाले, "काही दोष नाही. चांगली वीस वर्षं अडकणार नाही."

व्यापारी म्हणाले, "मग तुमचंच कसं अडकलं?"

बाबा हात पुसत राहिले. कोपरापर्यंत पुसून झाले तरी पुसत होते. खोटं ते दुसऱ्यांदा बोलू शकले नाहीत. तो गृहस्थ समजूतदार. चहा प्यायला आणि गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी मामांशी बोलणं सोडलं. घरी आले की पाणी द्यायची आणि आत जायची. मामांचं येणंही कमी झालं. गाडीत तर ते त्यानंतर एकदाही बसले नाहीत. गावाला वाटे, गुरुजींनी धसका घेतला. शाळेच्या कामासाठी पालीला जायचं तर ते ऊन असो की पाऊस, चालत फाट्यापर्यंत जायचे. त्यांना तसं जाताना पाहून मला बरं वाटायचं. आज लाज वाटते, पण तेव्हा वाटायचं.

त्या रागातच मी गाडी चालवायला शिकले. बाबांनी सड्यावर नव्हे, त्याच उतारावर शिकवलं. "आधी गिअर, मग उतार. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक हा शेवटचा मित्र." मी त्या वळणावरून शंभरदा गाडी नेली असेल. ती कधी डगमगलीसुद्धा नाही. रत्नागिरीला जाऊन मी लायसन्स काढलं, आणि आता माझ्या उजवीकडे बसून बाबा सांगू लागले, "मोकळं आहे गो."

त्याच सुमाराला वरच्या वाडीत एक लग्न होतं. नवरदेवाची मंडळी नव्याकोऱ्या डिझेल जीपमधून आली आणि वाडीखालच्या पऱ्यात रुतली. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा; आदल्या दिवशीच्या वळिवानं त्यात गुडघाभर चिखल झाला होता. मुहूर्त जवळ आलेला. कोणीतरी आम्हाला बोलवायला आलं. मी गाडी पऱ्यात उतरवली, बाबांनी साखळी बांधली, मी दुसरा दांडा ओढला आणि हळूहळू क्लच सोडला. आमची छोटीशी गाडी त्या लांबलचक गाडीला दोनदा थरथरून, तिसऱ्यांदा ओढून वर घेऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या डिझेल गाडीच्या नाकातोंडात चिखल गेला होता, ती काही सुरू होईना. बाबा म्हणाले, "नवरदेवाला आमच्या गाडीत बसवा, वर नेऊन सोडतो."

नवरदेवाची आत्या पुढे झाली. "नको गो बाय! ती उलटीच ना? आमचा एकुलता एक झील हाय. चालत जाव आमी."

आणि ते चालत गेले. बाशिंग हातात, धोतर गुडघ्यापर्यंत वर, सगळं वऱ्हाड चिखलातून चढ चढून गेलं. आम्ही दोघं साखळी गुंडाळत राहिलो. मला रडू आलं. बाबा म्हणाले, "रडतेस काय? तिनं तिचं काम केलंन ना?"

अडीच वर्षं झाली आणि मामा निवृत्त झाले. शाळेच्या पटांगणात निरोपाचा कार्यक्रम होता. मांडव, सतरंज्या, बाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. मला जायचं नव्हतं. आई म्हणाली, "तुझी पाटीपेन्सिल त्याच्याच हातची आहे," म्हणून गेले. भाषणं झाली. सगळे बोलले ते खरंच होतं: गुरुजींसारखा सच्चा माणूस नाही, गुरुजींनी कधी खोटं खपवून घेतलं नाही. मामा मान खाली घालून बसले होते. मग सरपंचांनी जाहीर केलं की कार्यक्रमानंतर गुरुजींना गाडीतून मिरवत घरी पोचवायचं आहे आणि त्यासाठी पालीहून जीप मागवली आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "बरं झालं, नायतर उलटीत बसवलाव असता!" मांडव हसला. बाबाही हसले. ते नेहमीच हसायचे.

मामा बोलायला उठले. हातात लिहून आणलेला कागद होता. त्यांनी तो उघडला, पाहिला, आणि घडी करून खिशात ठेवला.

"मी एक गोष्ट सांगणार आहे," ते म्हणाले. "ती गाडी उलटली तेव्हा चालवत मी होतो."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"स्टीअरिंग अडकलं नव्हतं. मी उतारावर गाडी न्यूट्रल केली. पेट्रोल वाचवायला. चूक पूर्ण माझी. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, माझी नोकरी जाईल म्हणून माझ्या मेव्हण्यांनी आळ गाडीवर घेतला. गाडीवर म्हणजे स्वतःवरच, कारण त्या गाडीचा एकेक स्क्रू त्यांच्या हातचा आहे. मी अडीच वर्षं गप्प बसलो. वर्गात रोज मुलांना सांगत होतो, खरं बोला. आणि गप्प बसलो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आता ज्याला जी तक्रार करायची त्यानं ती करावी. मी तयार आहे."

पोस्टमन उठून उभे राहिले. त्यांचं ते मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं. म्हणाले, "तक्रार मोडलेल्या हाताची असते. तो हात माझा आहे. माझी तक्रार नाही." आणि खाली बसले. सगळ्या गावची खबर दारोदार पोचवणारा तो माणूस; ही एक खबर त्यानं अडीच वर्षं पोटात ठेवली होती.

मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "अगो बाय, मंग त्या बिचारीला इतकी वर्सा आमी फुकट शिव्या घातलाव!" आणि मांडव एकदम सुटला. कोणी हसत होतं, कोणी डोळे पुसत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत सतरंजीचा एक सुटा दोरा ओढत होते. कान लाल झाले होते.

पालीहून मागवलेली जीप आली होती. सरपंचांनी तिला परत पाठवलं. मी धावत घरी गेले, हँडल मारलं आणि उलटी पटांगणात आणली. कोणीतरी तिच्या बोनेटला झेंडूची माळ बांधली. मामा गाडीपाशी आले, पण चढेनात. मी आत बसलेली, ते बाहेर उभे. अडीच वर्षांत मी त्यांच्याशी धड वाक्य बोलले नव्हते.

"बसू का गो?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे बसा मामा," मी म्हटलं. "मला समोरचं सांगायला कोणीतरी लागतं."

ते बसले. वाटेत समोर कोणी नव्हतं तरी दर वळणावर ते मान बाहेर काढून सांगत होते, "मोकळं आहे. मोकळं आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. बाबांकडे पुन्हा लोक पंप घेऊन येऊ लागले. पालीच्या त्या व्यापाऱ्यांकडे मामा स्वतः चालत गेले आणि माफी मागून आले. तोवर व्यापाऱ्यांनी ती गाडी भंगाराच्या भावात देऊन टाकली होती, ती मात्र परत आणता आली नाही. मामांना त्याची रुखरुख शेवटपर्यंत राहिली.

आणि एक दिवस मामा माझ्याकडे वही-पेन घेऊन आले. म्हणाले, "मला गाडी शिकव. नीट. लायसन्स काढायचंय." त्यांनी वहीत गिअरची आकृती काढून घेतली, उताराचे नियम लिहून घेतले आणि खाली रेघ मारली. तीन महिने मी त्यांना त्याच उतारावर शिकवलं. ते पहिल्यांदा त्या वळणावर आले तेव्हा त्यांनी स्टीअरिंग इतकं आवळून धरलं की मी गाडी थांबवायला सांगितली. ते म्हणाले, "नाही. आता थांबलो तर पुन्हा येणार नाही." आणि पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी, त्यांनी ते वळण घेतलं.

रत्नागिरीला परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "हे कसलं मॉडेल घेऊन आलात आजोबा? दुसरी गाडी नाही का?"

"आहेत पुष्कळ," मामा म्हणाले. "पण मला हिच्यावरच पास व्हायचंय."

साहेब उजवीकडे बसले. दोघं अर्धा तास गायब. मी आणि बाबा झाडाखाली उभे, बाबा सारखे घड्याळ बघताहेत. परत आले तेव्हा साहेब उतरून म्हणाले, "हळू चालवतात. पण चढावर काय ओढते हो ही!" बाबा एवढे खूश झाले की मामा पास झाले की नाही ते विचारायचंच विसरले. ते मी विचारलं. झाले होते.

घरी येताना पूर्ण रस्ता मामांनी गाडी चालवली. मी उजवीकडे. बाबा मागच्या बाकड्यावर, आईनं शिवलेल्या उशीवर डोकं ठेवून, पाली यायच्या आधीच झोपी गेले होते. गावात शिरलो तेव्हा रस्त्याकडेची माणसं उठून उभी राहिली, हात जोडू लागली. मामांचे दोन्ही हात स्टीअरिंगला चिकटलेले, नजर समोर, तोंड उघडं. नमस्कार घ्यायला त्यांना हात काढता येईना. ते मला म्हणाले, "माझ्याऐवजी तू कर गो सगळ्यांना नमस्कार." आणि मी घरापर्यंत दोन्ही बाजूंना करत राहिले.